धरणातला प्लॉट

पत्नीच्या अस्थी सोडून मी माजलगावच्या धरणाकाठी बसलो होतो. शेजारी एक गृहस्थ येऊन बसले. इस्त्रीचा पांढरा सदरा, खिशाला पेन आणि पायजमा मात्र गुडघ्यापर्यंत दुमडलेला. सहकारी साखर कारखान्यातून निवृत्त झाल्याचं सांगून त्यांनी भर पाण्याकडे बोट केलं.

"माझा प्लॉट तितं हाय."

मला थट्टा वाटली, पण ते हसले नाहीत. दुष्काळात धरण आटलं, तेव्हा एका माणसानं उघड्या तळावर चुन्याच्या फक्कीनं चौकोन आखून प्लॉट विकले होते. यांनी फंडाची सगळी रक्कम त्याला दिली आणि खरेदीखताऐवजी नुसत्या बाँडपेपरवर सही घेतली.

"अहो, इथं धरण आहे हे तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

"हितंच जन्म गेला की सर! पर पाणी येतच न्हवतं. वाटलं, आता कदीच येत न्हाई. दुष्काळात समदी जमीनच दिसती."

ते उठले आणि सावकाश पाण्यात शिरले. मांडीपर्यंत पाणी आल्यावर थांबले, पायानं तळ चाचपला आणि वळून म्हणाले, "दार हितं. आमच्या हिला पूर्वेचं पायजे होतं. बघायला ऱ्हायली न्हाई."

मग त्यांनी घरच्या माणसासारखा हात केला. "या की सर, तितं कावून थांबला? चपला तेवढ्या भाईर काढा."

मी चपला काढल्या.