गोजरबाईचे झिंगे

अक्कलकोटच्या रस्त्याला सोमलिंगप्पांची बाग होती आणि बागेत दगडी हौद. अप्पांच्या घरात मासळीचा वासही चालत नसे, म्हणून ते मासे पाळत. रोज सकाळी कणकेच्या गोळ्या टाकून पुण्य जमा करत. हौदाची राखण गोजरबाईकडे होती. तिच्या आधी ती तिचा नवरा महिपती करायचा. एका दुपारी हौद घासताना तो शेवाळावरून घसरला आणि पाण्यातच राहिला.

त्यानंतरच्या हिवाळ्यात हौदात झिंगे दिसू लागले. भीमेवरून आणवलेल्या पाणवेलींबरोबर आले असतील, असं अप्पांचं म्हणणं. गोजरबाई वाद घालत नसे. झिंगे काचेसारखे आरपार. दिवसा दिसतच नसत. दिवेलागणीला ती पायरीवर कंदील ठेवायची, तेव्हा पाण्यात नुसते डोळे पेटायचे, निखाऱ्यासारखे, आणि सगळे तिच्याकडे वळलेले. ती त्यांना दिवसभराची हकिकत सांगायची: मोट कुठं अडली, दिरानं काय निरोप धाडला. त्या वेळी बागेतल्या बाकीच्या गड्यांना नेमकी दुसऱ्या टोकाची कामं आठवत.

सोलापुरात मार्शल लॉ येऊन गेला, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात माशांच्या अंगावर मीठ शिंपडल्यासारखे पांढरे ठिपके उठले. मासे दगडाला अंग घासू लागले, मग उलटे होऊन वर येऊ लागले. अप्पांचं जेवणावरचं मन उडालं. शेवटी शेजारच्या पानमळ्यातल्या तात्याबाला बोलावलं. तो महिपतीचा जुना सोबती. पानवेलींना रोग पडला की तो मोरचुदाचा निळा खडा वापरायचा. त्याचीच पुरचुंडी बांधून हौदात फिरवायची, असं त्यानं ठरवलं. मग गोजरबाईला बाजूला घेऊन म्हणाला, "मासं वाचतील वैनी, पर झिंगं न्हाय. त्येंना मोरचूद सोसत न्हाय. आदी बाहेर काडा."

त्यासाठी त्यानं आपल्या मळ्यातला मातीचा रांजण आणून हौदाच्या पाण्यानं भरून लिंबाखाली ठेवलाही होता. गोजरबाई रांजणाकडे बघत राहिली. महिपतीच्या तिरडीपुढं मडकं धरून दीर चालला होता, ते तिनं उंबऱ्यातून पाहिलं होतं.

"मडक्यामागनं एकदा धाडलंय त्येंना," ती म्हणाली. "आता मडक्यातच घालू व्हय?"

तात्याबानं पुन्हा विचारलं नाही. असल्या गोष्टीत कुणी दोनदा विचारत नाही. अप्पांना हे कळलं तेव्हा त्यांनी मोठ्या मनानं वडिलांच्या वेळचं तांब्याचं घंगाळ काढून दिलं. तांब्याइतकं शुद्ध भांडं नाही, यावर सगळ्यांचं एकमत झालं. गोजरबाईनं ते चिंच लावून आरशासारखं लख्ख घासलं, पाण्यानं भरलं आणि कंदिलाच्या उजेडात डोळे हेरून, जुन्या लुगड्याच्या फडक्यानं एकेक झिंगा त्यात आणून सोडला. मोरचूद तांब्यापासूनच होतं, ही गोष्ट त्या बागेत कुणालाच ठाऊक नव्हती. घंगाळाला सांगता येत नव्हतं.

सकाळी तात्याबानं पुरचुंडी फिरवली. हौदाचं पाणी निळसर झालं. गोजरबाईनं घंगाळावरचं फडकं उचललं. झिंगे तळाशी होते, दुधासारखे पांढरे. दिवसाउजेडी ते पहिल्यांदाच नीट दिसत होते.

मासे वाचले. अप्पांनी खुशीनं तिला नवं लुगडं दिलं. तिनं ते घेतलं, झिंगे लिंबाच्या मुळाशी पुरले, घंगाळ पुन्हा घासून परत केलं. हौदाच्या पायरीवर त्यानंतर कंदील लागला नाही. माणसं म्हणाली, बाई आता ताळ्यावर आली.

रांजण मात्र लिंबाखाली झाकलेलाच राहिला. मृग जवळ आला तेव्हा तात्याबानं तो परत मागितला. गोजरबाई दिवेलागणीला कंदील घेऊन तो ओतायला गेली. झाकण काढलं. रांजणाची आतली बाजू शेवाळानं हिरवी झाली होती. तिनं कंदील वर धरला, तसे तळाशी दोन डोळे पेटले. पाणी भरताना तात्याबाच्या घागरीतून कोण आलं होतं, ते कुणीच पाहिलं नव्हतं.

तिनं कंदील आणखी खाली नेला. डोळे हलले नाहीत.

"मडकंच पायजे हुतं," ती हळू म्हणाली, "तर तवाच बोलायचं की."

रांजणाच्या आत टक्‌ असा आवाज झाला.

दुसऱ्या दिवशी तात्याबा रांजण न्यायला आला. तो रिकामा न्हाय, एवढंच तिनं सांगितलं. त्यानं वाकून आत पाहिलं, मुंडासं सारखं केलं आणि नवा रांजण घ्यायला कुंभाराकडं चालू लागला.