उरलेला अर्धा ग्लास

पानात टाकलेलं अन्न मला बघवत नाही. चौतीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं. दुपारच्या सुट्टीत खिचडीच्या ताटात चार शितं उरली तरी मी पोराच्या डोक्याशी जाऊन उभी राहायचे. घरीही तेच. मुलाने टाकलेला भाकरीचा तुकडा, पाहुण्यांनी ठेवलेला चहा, सगळं शेवटी माझ्या पोटात. यावरून घरात माझी यथेच्छ थट्टा चालते आणि मी ती चालू देते, कारण थट्टेने सवय काही सुटत नाही.

माझी दुसरी ओळख कॉपी पकडणारी बाई अशी होती. आमच्या देवपुरातली निम्मी पोरं माझ्या हाताखालून गेली आणि त्यांतल्या बऱ्याच जणांनी माझ्याकडून भोपळा घेतलेला आहे. या दोन्ही गोष्टींचा मला अभिमान होता. त्या एकमेकींच्या आड येतील असं कधी वाटलं नाही.

सुनेला सहावा महिना लागला तेव्हा मी तिला घेऊन जवळच्या दवाखान्यात तपासणीला गेले. तिथली सिस्टर माझी चौथीतली विद्यार्थिनी निघाली. शेजारणीच्या पाटीत डोकावली म्हणून मी तिला एकदा गणितात शून्य दिलं होतं. ते तिला आठवत होतं, मलाही, पण दोघी त्याबद्दल बोललो नाही. तिने ग्लुकोजची पुडी पाण्यात ढवळली, स्टीलचा मोठा ग्लास सुनेच्या हातात दिला, पाच-दहा मिनिटांत संपवायला सांगितलं. मग दोन तास बसायचं आणि बोटातून रक्त द्यायचं. उलटी झाली तर उद्या पुन्हा यावं लागेल, एवढं बजावून ती इंजेक्शनं द्यायला पलीकडे गेली.

सून रावेरकडच्या केळीवाल्यांची लेक. तिला गोडाचं वावडं नाही. पण ते पाणी इतकं गोडमिट्ट होतं की निम्म्यावर तिला उमासे यायला लागले. डोळ्यांत पाणी आलं. उद्या पुन्हा हाच छळ नको, म्हणून मी हात पुढे केला. "आई, चालेल का?" तिने विचारलं. साखरपाणीच तर आहे, असं मी म्हटलं आणि उरलेला अर्धा ग्लास दोन घोटांत संपवला. वाया गेलं नाही याचं समाधानही वाटलं, हे कबूल करते.

दोन तासांनी आकडा एकशे सव्वीस आला. एकशे चाळीसच्या खाली म्हणजे ठीक. आम्ही घरी येऊन निवांत जेवलो. पुढचे तीन आठवडे सुनेच्या माहेराहून केळीचे घड येत राहिले आणि मी तिला आग्रह करकरून खाऊ घालत राहिले.

तीन आठवड्यांनी पुन्हा गेलो. सून आत रक्तदाब मोजून घेत होती आणि मी बाकावर बसले होते. शेजारी सोनगीरकडची एक गरोदर बाई तसाच ग्लास हातात धरून तोंड वाकडं करत होती. सिस्टर तिच्यासमोर येऊन उभी राहिली.

"बठ्ठं पिवानं, ताई. घोटभर बी ठेवानं नही. अर्धं पिदं त मशीन खोटं सांगस."

सगळं प्यायचं, असं अहिराणीत बजावून मग तिने त्या बाईला नीट समजावलं. गरोदरपणात कुणाकुणाची साखर वाढते आणि आईला ते कळतही नाही. बाळ पोटात अंगाने फार भरतं, अडतं, आणि जन्मल्यावर त्याची स्वतःची साखर एकदम खाली घसरू शकते. ते वेळेत ओळखायला हा ग्लास.

सुनेचा तो एकशे सव्वीस अर्ध्या ग्लासाचा होता. बाकीचा अर्धा माझ्या पोटात जिरला होता.

खरं लिहायचं तर मी लगेच उठले नाही. आधी मनाला समजावून पाहिलं की पोरगी धडधाकट आहे, तिच्या घरात कुणाला साखर नाही. मग वाटलं, पुढच्या वेळी कशाचं तरी निमित्त काढून पुन्हा तपासायला सांगावं, म्हणजे बोभाटा होणार नाही. आणि सांगायचं तरी कुणाला, तर जिला मी डोकावण्याबद्दल शून्य दिलं तिला! मला माझी फार लाज वाटत होती. पण ती सोनगीरची बाई डोळे मिटून ग्लास संपवत होती. तिच्याकडे बघून मी उठले आणि सिस्टरच्या टेबलाशी जाऊन सगळं सांगितलं. सून तेवढ्यात बाहेर आली आणि माझ्या शेजारी उभी राहून म्हणाली की चूक तिचीही आहे.

सिस्टर रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. तिने खणातून नवी पुडी काढली, ग्लास भरला, सुनेला खुर्चीवर बसवलं आणि माझ्याकडे बघून शांतपणे म्हणाली, "बाई, तुम्ही बाहेर थांबा."

मी बाहेर व्हरांड्यात जाऊन उभी राहिले. इतक्या वर्षांत मी किती जणांना वर्गाबाहेर उभं केलं असेल, त्या सगळ्यांची आठवण झाली.

आकडा एकशे एकाहत्तर आला.

त्यानंतरचं सगळं श्रेय सुनेचं. डॉक्टरांनी खाण्याचा कागद दिला तो तिने ओट्यावर चिकटवला. ज्वारीची भाकरी, पालेभाजी, डाळ, भात मोजका, गूळ-साखर बंद. केळ्यांच्या घरात वाढलेली मुलगी, घरात घड टांगलेला, आणि तिने तो आपल्या हाताने शेजारी वाटून टाकला. रोज जेवण झालं की आम्ही दोघी पांझरा नदीच्या पुलापर्यंत चालत जायचो. बोटातून काढलेल्या रक्ताचा आकडा ती वहीत लिहायची. एखाद्या दिवशी तो वाढला तर तोही तस्साच लिहायची, खाडाखोड नाही. अशी वही मला नोकरीत क्वचितच तपासायला मिळाली. डोहाळजेवणाला मी वांग्याचं भरीत, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि शेंगदाण्याचा ठेचा केला. गोड नाही म्हणून आलेल्या बायकांनी नाकं मुरडली, मग तीन-तीन भाकरी खाल्ल्या. मीही चहातली साखर सोडली. तिने सांगितलं नव्हतं, पण तिच्यासमोर गोड चहा घशाखाली उतरेना.

बाळंतपण सरकारी दवाखान्यात, सकाळी अकराच्या सुमाराला झालं. मुलगी. वजन तीन किलोला जरा कमी. आमच्या घरात बाळाला पहिलं मधाचं बोट घरातल्या मोठ्या बाईने चाटवायचं, म्हणजे तिचा स्वभाव बाळात उतरतो, असं मानतात. मी बाटली पिशवीत घेऊनच गेले होते. वॉर्डातल्या सिस्टरने बाटली पाहूनच मान हलवली. मध अजिबात नाही, आईचा चीकच पाजायचा, आणि पाजल्यावर टाचेतून थेंबभर रक्त घेऊन साखर बघायची. मी बाटली पिशवीत परत ठेवली. तसाही माझा स्वभाव उतरला नाही तर बरंच, असं त्या क्षणी वाटलं.

पहिला आकडा एकेचाळीस आला. कमी आहे, पुन्हा पाजा, तासाभराने बघू, चढली नाही तर सलाईन लावून आत ठेवावं लागेल, असं सिस्टर म्हणाली. बाळ पेंगुळलेलं, नीट ओढेना. मी भिंतीला टेकून उभी होते आणि मनात एकच हिशेब होता, ते तीन आठवडे. मी आग्रहाने भरवलेलं एकेक केळं मला आठवत होतं. मी इतकी कधीच घाबरले नव्हते.

सून ताज्या टाक्यांनिशी उठून बसली. हाताने चीक पिळून तिने वाटीत काढला, जेमतेम चमचाभर, आणि थेंबथेंब करत बाळाच्या ओठांत सोडत राहिली. घाई नाही, रडारड नाही. मला म्हणाली, वाटी धरा. मी धरली. शेवटचा थेंब वाटीच्या कडेला चिकटला होता तो तिने बोटाने निपटून पोरीच्या जिभेवर ठेवला.

तासाने आकडा त्रेपन्न झाला. त्यापुढचा अठ्ठावन्न. सलाईन लागलं नाही. मी वाटी हातात घेऊन नळावर गेले आणि तिथे मनसोक्त रडले.

दीड महिन्याने सुनेची साखर पुन्हा बघायची होती, आपोआप खाली आली की नाही ते. तपासणीचा तोच दवाखाना, तीच माझी विद्यार्थिनी सिस्टर, तोच मोठा ग्लास. मी नातीला घेऊन आपण होऊन व्हरांड्याकडे निघाले.

"बाई, बसा आत," सिस्टर म्हणाली.

मी बसले. सुनेने ग्लास तोंडाला लावला. निम्म्यावर तिला पुन्हा उमासे आले, डोळ्यांत पाणी आलं. मी नातीला दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवलं. सुनेने दम घेतला, उरलेलं संपवलं, आणि ग्लास माझ्यासमोर तळहातावर उपडा केला. एक थेंब पडला नाही.

"आई, यावेळी तुमच्यासाठी काही उरवलं नाही."

सिस्टर तोंडाला पदर लावून हसली. दोन तासांनी आकडा एकशे अठरा आला. मी चष्मा लावून तो मशीनवर स्वतः वाचला, सवयीने दोनदा. तो सगळाच्या सगळा तिचा होता.