बाळा, खाली बस

त्या रस्त्यावर गाडी येत नाही. दोन्ही टोकांना लोखंडी खुंट रोवलेत आणि मध्ये नुसती माणसंच माणसं. पिशव्या सांभाळणारी, भाव विचारून पुढे सटकणारी, दुकानाच्या काचेत बघून आपलेच केस नीट करणारी. एवढ्या गर्दीत नवरा-बायको एकमेकांना सापडत नाहीत, तिथे पोरांचं काय घेऊन बसलात! म्हणून मधोमध, कारंज्याजवळ, एक पत्र्याची खोली आहे. आत टेबल, दोन खुर्च्या, फाटकी चित्रांची पुस्तकं आणि एक माइक. हरवलेलं पोर तिथे आणून बसवतात. माइकवर बोलणाऱ्या बाईला सगळा रस्ता भोंगाबाई म्हणतो. तोंडावर म्हणत नाही, पण तिला ते चांगलं ठाऊक आहे.

तिचा नवरा रिटायर होऊन घरी बसलाय. ती स्वयंपाकघरातून काही सांगायला लागली की तो म्हणतो, "हळू गं, शेजाऱ्यांची पोरं गोळा होतील दारात."

"झाली तर तुम्ही सांभाळा. नाहीतरी तुम्हाला दुसरं काम काय आहे?"

भोंगाबाईची कामाची रीत ठरलेली. माइकवर ती पोराचं नाव घेणार नाही, कपडे सांगणार नाही, मुलगा की मुलगी तेही नाही. "एक मूल सापडलं आहे, ज्यांचं असेल त्यांनी कारंज्याजवळ यावं," एवढंच. मग जो कोणी धावत येईल त्याला ती उलटसुलट प्रश्न विचारून घाम फोडते. "अहो, आई आहे मी त्याची!" असं कोणी ओरडलं की म्हणते, "असाल हो. बुटाचा रंग सांगा." लोक चिडतात, 'स्वतःला कोण समजते' म्हणतात. समजू देत. इतक्या वर्षांत तिच्या खोलीतून एकही पोर चुकीच्या हातात गेलं नव्हतं, आणि याचा तिला गर्व होता. का नसावा?

त्या दिवशी सुट्टी होती आणि रस्त्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. दुपारी झाडूवालीने एका पाच-सहा वर्षांच्या मुलीला आणून बसवलं. पिवळा फ्रॉक, मुकाट तोंड. रडत नव्हती, काही सांगतही नव्हती. भोंगाबाईने माइकवर नेहमीचं वाक्य म्हटलं, तोवर एक माणूस धापा टाकत दारात हजर. उंच, नीटनेटका, हातावर कोट टाकलेला.

फ्रॉकचा रंग? पिवळा. नाव? सांगितलं. अंगावर काही खूण? डाव्या कानामागे भाजल्याचा डाग, तान्ही असताना इस्त्रीचा चटका बसलेला. झोपते कशी? दिवा चालू ठेवून, नाहीतर घाबरते. भोंगाबाईने कानामागे पाहिलं. डाग होता. मग ती मुलीकडे वाकली, "कोण गं हे?"

"बाबा," मुलगी पुटपुटली.

बाबाच म्हणाली की हो! भोंगाबाईने पोर त्याच्या हवाली केलं. त्याने वाकून आभार मानले. असे सभ्य आईबाप क्वचितच मिळतात, असंही तिच्या मनात येऊन गेलं.

ती चहाचा घोट घेतेय न घेतेय, तोच एक बाई दारावर आदळली. एका पायात चप्पल, दुसरा अनवाणी. "माझी मुलगी. पिवळा फ्रॉक. कानामागे डाग."

भोंगाबाईच्या हातातला कप तसाच राहिला. "तिला... तिचे बाबा घेऊन गेले ना आत्ता."

त्या बाईचा चेहरा पांढराफटक पडला. "काकू, काय केलंत हे! त्याला तिच्याजवळ यायची बंदी आहे. कोर्टाने घातलीय. मागच्या वेळी नेलं तेव्हा महिनाभर सापडली नव्हती. सापडली तेव्हा बोलायची बंद झाली होती." एवढं बोलून ती बसथांब्याच्या टोकाकडे धावत सुटली.

भोंगाबाईने कप खाली ठेवला. त्याची सगळी उत्तरं खरी होती. पोरीला कोण ओळखतं, एवढंच तिने विचारलं होतं. पोरगी कोणाला घाबरते, हे कोणी विचारायचं? आणि आई धावली त्याच्या उलट, रस्त्याचं दुसरं टोक होतं वाहनतळाचं. एकदा गाडीत घातली की संपलं.

तिने माइक ओढला आणि आजवर जे केलं नव्हतं ते केलं. "पिवळ्या फ्रॉकची मुलगी, सोबत उंच माणूस, त्यांना थांबवा!" बोलून होतं न होतं तोच तिच्या लक्षात आलं की तोही ऐकतोय. हातावर कोट होता त्याच्या. आत्तापर्यंत पिवळा फ्रॉक कोटाखाली गेलासुद्धा असेल. आपणच त्याला सावध केलं! आता मोठ्यांना सांगून उपयोग नव्हता. सांगायचं होतं ते पोरीलाच. पण तिचं नाव, मघाशीच ऐकलेलं नाव, ऐनवेळी काही केल्या आठवेना.

"बाळा," ती माइकवर म्हणाली. आवाज फाटला होता. "बाळा, जिथे असशील तिथे खाली बस. कोणी ओढलं तरी उठायचं नाही. खाली बस, बाळा."

आणि रस्त्यावरची सगळी पोरं खाली बसली.

खेळण्यांच्या दुकानासमोर, कारंज्याच्या कडेला, चपलांच्या ढिगाशेजारी, जिथे होती तिथे टपाटप बसली. आया ओरडल्या, "अगं ऊठ, तुला नाही सांगितलं!" पण भोंग्यातून आलेला हुकूम तो, आयांचं कोण ऐकतंय! एरवी हसून पोट दुखलं असतं. भोंगाबाई मात्र दारात खांबाला धरून उभी होती. एवढ्या बसलेल्या पोरांत ती एक कुठे, हे कळणार कसं?

कळलं ते झाडूवालीला. वाहनतळाच्या टोकाला, खुंटांच्या अगदी जवळ, भर उन्हात मोठ्या माणसाचा कोट घातलेली एक पोर जमिनीवर बसली होती. बाकीच्यांच्या आया त्यांना समजावत होत्या. हिला मात्र एक माणूस दंडाला धरून ओढत होता, आणि ती तोंडातून अवाक्षर न काढता दुसऱ्या हाताने लोखंडी खुंट कवटाळून होती. झाडूवालीने झाडू त्याच्यासमोर आडवा धरला. चपलावाला धावला, पहारेकरी धावले. "बाप आहे मी तिचा!" तो ओरडत राहिला. खोटं नव्हतंच ते.

आई पोचली तरी पोरगी खुंट सोडेना. एकेक बोट सोडवावं लागलं.

भोंगाबाई अजून त्याच खोलीत बसते. तिच्या प्रश्नांची यादी लांबली, लोक जास्त चिडतात. परवा एक लहान मुलगा सापडला. आई आली, सगळी उत्तरं बरोबर दिली. मुलगा "आई!" म्हणून तिच्या कमरेला बिलगला, हसला. शंकेला जागाच नव्हती.

"काकू," थोड्या वेळाने ती बाई नरमाईने म्हणाली, "आता सोडा ना त्याचा हात."

भोंगाबाईने खाली पाहिलं. तिने मुलाचं मनगट घट्ट धरून ठेवलं होतं.