टाचेवरचा फोड

आमच्याकडे नवऱ्याला बघायला येणाऱ्या माणसांचा मला आता कंटाळा आलाय. खरंच सांगते. येतात, खाटेशेजारी बसतात, त्याच्या पायांकडे बघून चुक्‌चुक्‌ करतात, चहा पितात आणि जाताना एक उपाय सांगून जातात. कुणी तेल सांगतं, कुणी पाला सांगतं. पायाखालच्या कापडाला सुरकुती राहिली तर तिथे जखम होते, म्हणून दर दोन तासांनी त्याला कुशीवर कोण वळवतं, हे अजून एकानेही विचारलेलं नाही. जाऊ दे.

उसाच्या भरलेल्या ट्रॉलीवरून तो पडला. कमरेतला मणका मोडला आणि आतली नस चेपली. सुरतेला ऑपरेशन झालं, सळ्या बसवल्या. कमरेखाली त्याला काहीच कळत नाही. चिमटा काढा, सुई टोचा, काही नाही. सुट्टी देताना डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन बजावलं होतं, की गरम पाणी, गरम पिशवी, चूल, काहीही याच्या पायाजवळ नेऊ नका. भाजलं तरी याला समजायचं नाही. घरी आल्यावर मी ते सासूबाईंना नीट समजावून सांगितलं. त्यांनी मान हलवली.

मी अंगणवाडीत काम करते. सकाळी त्याची लघवीची नळी, पोट साफ करणं, अंग पुसणं, आरसा धरून पाठ बघणं, एवढं उरकेपर्यंतच माझा जीव मेटाकुटीला येतो. मग मी निघते. दुपारपर्यंत घरात मायलेक दोघंच.

मागच्या पावसाळ्यानंतर एका मोठ्या शहरातल्या हॉस्पिटलातून फोन आला. तिथे अशा पेशंटांवर संशोधन चाललं होतं. पायाला पट्ट्यांनी मशीन बांधायचं, ते माणसाला उभं करतं, पाऊल टाकायला लावतं. त्याचे एक्स-रेचे जुने फोटो आणि रिपोर्ट बघून त्यांनी त्याला तपासणीला बोलावलं. अट एकच होती, अंगावर कुठेही जखम नको, पट्ट्या जखमेवर बांधता येत नाहीत. त्या दिवशी कित्येक महिन्यांनी तो स्वतःहून म्हणाला, "माझी दाढी कर." मी केली. मलाही वाटायला लागलं होतं, खोटं कशाला बोलू.

थंडी पडली. जायच्या दोन दिवस आधी मी अंगणवाडीतून आले, त्याचे मोजे काढले आणि कपाळाला हात लावला. डाव्या टाचेवर भला मोठा फोड, पाण्याने टम्म भरलेला. भोवती कातडी लालभडक.

"हे काय आहे?"

आढ्याकडे बघत तो हळूहळू सांगायला लागला. मी गेले की त्याची आई रुईची पानं तेल लावून तव्यावर तापवायची आणि पायाला शेक द्यायची. आमच्याकडे कुणाचंही काही दुखलं की हाच पहिला इलाज. पहिल्या दिवशी ऊब जाणवते का म्हणून तिने विचारलं, "भाऊ, उनं लागस का रे?" आणि हा म्हणाला, "हां माय, थोडं थोडं लागस."

"का? का म्हणालास?" माझं डोकं फिरलं.

"त्या दिवशी ती पोटभर जेवली गं. अपघातानंतर पहिल्यांदा. मग दुसऱ्या दिवशी नाही कसं म्हणू?"

रोज ती विचारायची, रोज हा हो म्हणायचा. फरक पडतोय असं समजून तिने आणखी ऊब द्यायची म्हणून त्याच दिवशी सकाळी वीट तापवून, फडक्यात गुंडाळून टाचेखाली ठेवली. हा मोबाइल बघत पडला होता. वास आला तेव्हा कळलं.

तरीही आम्ही गेलो. गाडीची मागची सीट आडवी करून, अख्ख्या रस्त्यात उशी सरकवत. डॉक्टर तरुण होता, भला होता. त्याने टाच नीट बघितली. मग म्हणाला, "भरायला महिने लागतील. तोवर पेशंटांची ही तुकडी पूर्ण झालेली असेल." पुढची तुकडी कधी, ते त्यालाही माहीत नव्हतं. येताना नवऱ्याने पाणीसुद्धा मागितलं नाही.

घरी पोचलो तर सासूबाई दारातच उभ्या. "काय म्हनतस डॉक्टर? कधी बलायं?"

याने तोंड फिरवलं. मी थकले होते हो. दोन दिवसांची झोप नव्हती, मान अवघडली होती. मी बोलून टाकलं, "घेतलं नाही त्यांनी. टाचेच्या फोडामुळे."

त्यांना वाईट वाटलं, पण त्या घाबरल्या नाहीत. उलट मलाच समजवायला लागल्या. "फोड काय, भरी जाई. पन तेले उनं लागस ना आते. पाय जागा व्हस आते. मशीन नको, काही नको, तो असाच चाली."

मग माझ्याच्याने राहवलं नाही. "आई, त्याला काही लागत नाही. लागलं असतं तर भाजू दिलं असतं का त्याने?"

त्या खाटेजवळ गेल्या आणि त्याला विचारलं, "एकबी दिन नही?"

तो म्हणाला, "नही माय."

त्या तिथेच जमिनीवर बसल्या. तो चालेल याची खात्री आमच्या घरात फक्त त्यांना होती. माझी तो फोड बघितला तेव्हाच गेली होती, त्याची गाडीत गेली. सुरतेला ऑपरेशनच्या दाराबाहेर ज्या बाईच्या डोळ्यांत पाणी आलं नव्हतं, ती त्या दिवशी मुलाचे दोन्ही पाय पोटाशी धरून रडली, आणि ते त्याला नुसतं बघावं लागलं.