गिरिजाआत्याची आमदारकी आणि आमची धास्ती

भीती गेली की तिचा किस्सा होतो म्हणतात. आमच्याकडची भीती जायचं नाव घेत नाही, किस्से मात्र साठतच चाललेत. कुणी चहाला आलं आणि "आत्याचं काय नवीन?" असं विचारलं की संपलं!

गिरिजाआत्या म्हणजे माझ्या पप्पांची धाकटी बहीण. सोलापुरात वाढली, इथंच फार्मसी केली, लग्न करून अमेरिकेला गेली, तिथली नागरिक झाली आणि गेल्या निवडणुकीत तिथल्या एका राज्याच्या विधानसभेवर निवडून आली. राज्याचं नाव मी सांगत नाही. का, ते पुढं कळेलच.

\*

ती निवडून आली तेव्हा मार्केट यार्डाजवळच्या आमच्या तुरीच्या दुकानात पेढे वाटले. अप्पांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, व्हिडिओ कॉलवर पहिला प्रश्न टाकला, "पोलीस किती दिलेत?"

"एकही नाही, अप्पा."

"गाडी?"

"माझीच. मीच चालवते."

"मागं चार माणसं तरी?"

"कुणी नसतं हो इथं."

अप्पांचा चेहरा उतरला. "मग आमदार कशाला झालीस, पोरी? एकटी फिरायला?"

तेव्हा मी खो खो हसले होते. आता हसत नाही.

\*

आत्याच्या भागातलं एकुलतं एक बाळंतपणाचं हॉस्पिटल बंद पडणार होतं. ती विधानसभेत भांडली, निधी आणला, हॉस्पिटल वाचवलं. टीव्हीवर दिसली आणि धमक्या सुरू झाल्या. एक माणूस तर तिच्या ऑफिसच्या फोनवर रोज मेसेज ठेवायचा, "जिथून आलीस तिथं चालती हो!"

हे ऐकून माझं डोकंच फिरलं. मी तिथल्या तिथं दहा मिनिटं भाषण ठोकलं. अप्पा मात्र शांतपणे म्हणाले, "बरोबर बोलतोय की तो! इतकी वर्सं मी दुसरं काय सांगतोय?"

\*

त्यांची सकाळ ती आपली संध्याकाळ. त्यामुळं तिथल्या अधिवेशनाचं लाइव्ह आम्ही दुकानातल्या टीव्हीवर लावतो. भाषेचा प्रश्न नाही, कारण कुणी ऐकतच नाही. आत्या खुर्चीत दिसली की झालं!

एका संध्याकाळी खुर्ची रिकामी. पप्पांनी फोन लावला, उचलला नाही. पुन्हा लावला, बंद! पप्पा मटकन पोत्यावर बसले. अप्पांनी डोळे मिटून जप सुरू केला. "बाथरूमला गेली असेल, जरा दम धरा!" मी खेकसले खरी, पण रिमोट घेऊन मीच टीव्हीचा आवाज वाढवत बसले.

अर्ध्या तासानं आत्या आली. हातात कॉफी! अप्पा टीव्हीवरच ओरडले, "गिरिजा, खुर्ची सोडायची न्हाय!" आणि त्यांना रडूच फुटलं.

तूर घेऊन आलेले वैरागचे एक मामा इतका वेळ मुकाट उभे होते. ते म्हणाले, "आमचा आमदार पाच वर्सं दिसला न्हाय. आमी कुटं रडलो?"

\*

पुढचा किस्सा मला हसत सांगता येत नाही. आत्याची मुलगी अभ्यासाला बसली होती आणि खिडकीतून दगड आला. काचा वहीवर पडल्या. पोर वाचली.

पप्पांनी फोन करून आत्याला सांगितलं, "पोस्टरवरचा साडीतला फोटो काढून टाक. कुंकूही नको. त्यांच्यासारखी दिस."

माझा ताबा सुटला. "मी जीन्स घालून दुकानात आले की ओढणी आठवते तुम्हाला! आणि आत्यानं मात्र साडी सोडायची?"

पप्पा माझ्याकडं न बघताच म्हणाले, "तुझ्या वेळी लोक काय म्हणतील याची भीती वाटते. तिच्या वेळी लोक काय करतील याची."

 

\*

परवाच्या रविवारी सगळे दिवाणखान्यात जमलो आणि आत्याला व्हिडिओ कॉल लावला. आत्यानं पुन्हा उभं राहू नये, हे तिच्याकडून वदवून घ्यायचं ठरलं होतं. अर्ज भरायची मुदत संपत आली होती. खिडकी फुटल्यापासून तिनं घरी बसावं असं मलाही वाटायला लागलं होतं. हे पप्पांना मी मरेपर्यंत सांगणार नाही!

अप्पांनी घसा खाकरला. आत्या म्हणाली, "आधी माझं ऐका. काल प्रचाराला गेले होते."

"प्रचाराला? म्हणजे अर्ज भरलास?" पप्पा ओरडले.

"शुक्रवारीच. तर, गावाबाहेर एक घर आहे. बेल वाजवली. दारातून आधी बंदूक बाहेर आली, माणूस मागनं."

अप्पांचा हात छातीवर गेला.

"त्यानं विचारलं, 'काय पाहिजे?' माझ्या तोंडाला कोरड पडलेली. मत मागायचं सुचेचना. म्हटलं, 'पाणी मिळेल का?'"

"मग?"

"बघतच राहिला. मग म्हणाला, 'थांबा.' आणि आत जाताना बंदूक माझ्याकडं दिली."

"तुझ्याकडं?"

"पाणी आणायला हात मोकळा पाहिजे की!"

 पप्पांनी कसंबसं विचारलं, "मग तू काय केलंस?"

"पाणी प्यायले. मस्त गार होतं."

"अगं, पण बंदूक?"

"परत दिली की. त्याचीच होती!"