शिट्टीसाठी रिसीव्हर

“आकाश कधीच मुकं नसतं,” मुळे सर गंभीरपणे म्हणाले आणि बॅटरी संपलेलं श्रवणयंत्र काढून त्यांनी टेबलावर ठेवलं.

“मी हाक मारते ती ऐकू येत नाही, आणि निघाले आकाशाचं ऐकायला!” मुळेकाकू म्हणाल्या.

सरांनी मला धारला भौतिकशास्त्र शिकवलं. पुढे मी वायरलेस खात्यात नोकरी केली. आता निवृत्त होऊन देवासला असतो. रिसीव्हर निवडायला म्हणून ते दोघं धारहून माझ्याकडे आले होते. सरांना एक शिट्टी ऐकायची होती. दूर दक्षिण गोलार्धात वीज कडाडली, की तिच्या काही रेडिओलहरी पृथ्वीच्या चुंबकीय रेषांवरून आपल्याकडे येतात. वाटेत उंच स्वर पुढे निघतात, खालचे रेंगाळतात. म्हणून उतरत्या शिट्टीसारखा आवाज येतो. सरांनी ती आयुष्यभर फळ्यावर काढली, ऐकली कधीच नाही. आणि कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, जे उरलंय ते वर्षभर टिकणार नाही.

सरांनी एक मोठा टेबल-सेट पसंत करून ठेवला होता. निळे आकडे, भरपूर बटणं.

“सर, हा दीडशे किलोहर्ट्झला सुरू होतो. आपल्याला दहाच्या खालचं हवंय.”

“मग भिया,” सरांनी माळवी थाटात विचारलं, “इतका महाग कशाचा?”

“बटणांचा.”

मी साबणाच्या डबीएवढा बॉक्स निवडला. मीटरभर अँटेना, नऊ व्होल्टची बॅटरी, दोघांसाठी दोन हेडफोन. इतक्या खालच्या लहरींची कंपनं कानाच्याच टप्प्यात असतात. त्यांना नुसतं अॅम्प्लिफाय केलं तरी भागतं. वैरी एकच, विजेच्या तारांची घरघर. मांडूच्या पुढे ओळखीचा एक लाइनमन होता. शेतीची लाइट कधी जाते, असं त्याला विचारलं.

“टाइमटेबल में छह बजे, साब. वैसे साढ़े पाँच.”

डिसेंबरात पहाटे साडेपाचला आम्ही तिथल्या माळावर उभे होतो. लाइट गेली. घरघर बसली. हेडफोनमध्ये फुटाणे फुटावेत तशी तडतड सुरू झाली. त्या लांबच्या विजा. विसाव्या मिनिटाला शिट्टी आली. स्वच्छ, उतरती.

“आली!” मी ओरडलो.

सर डोळे मिटून उभे होते. त्यांनी डोळे उघडले. “कधी?”

मी आवाज वाढवला. थोड्या वेळाने दुसरी आली. त्यांना तडतड तेवढी ऐकू आली.

मग काकूंनी पर्समधून कानाचा रिपोर्ट काढला. दोन किलोहर्ट्झच्या वर रेघ तळाला गेली होती. शिट्टी पाचावरून अडीचवर उतरते. मी रिसीव्हर तपासला, अँटेना तपासला, लाइनमनसुद्धा तपासला. कान तपासला नाही. कमी ऐकू येतं म्हणजे आवाज वाढवायचा, एवढंच मी धरून चाललो होतो.

“काही नाही रे,” सर म्हणाले, “तू ऐकलीस ना?”

मी रेकॉर्डिंग करून ठेवलं होतं. ते चौपट हळू चालवलं, की स्वर खाली येतो, त्यांच्या टप्प्यात. रविवारी घेऊन येतो, म्हणालो. पण रेकॉर्डिंगमध्ये थोडी घरघर उरली होती. घरघरीसकट काम कुणाच्या हाती द्यायचं नाही, ही माझी नोकरीतली खोड. ती काढत बसलो. तीन रविवार गेले.

चौथ्या रविवारी धारला काकूंनी दार उघडलं. “बुधवारपासून काहीच नाही,” त्या म्हणाल्या. “आता पाटीवर लिहिते मी.”

मी लॅपटॉप उघडून सरांना शिट्टीचं चित्र दाखवलं. काळ्यावर पांढऱ्या उभ्या रेघा म्हणजे विजा. त्यांतून वाकत उतरणारी एक फिकट रेघ. सरांनी तिच्यावरून दोनदा बोट फिरवलं. “फळ्यावर मी जरा जास्तच वाकडी काढत होतो,” म्हणाले.

रिसीव्हर निवडताना आधी ऐकणाऱ्याचा कान मोजावा. आणि घरघरीसकट वेळेवर द्यावं.

ते चित्र सरांनी फ्रेम करून बैठकीत लावलंय. पाहुण्यांना तो एक्स-रे वाटतो. काय मोडलं होतं, म्हणून विचारतात.