गोंबोच्या टाकीतली डबी

आमच्या वस्तीत एके काळी अशी कुजबुज होती, की ट्रकवाल्या गोंबोसुरेनचं पेट्रोलपंपावरच्या दुलमाशी सूत जुळलंय. बायका घोडीचं दूध घुसळताना हेच घुसळायच्या आणि पुरुष तपकिरीच्या कुपीबरोबर हेही पुढे सरकवायचे. पुरावा तर सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. गोंबोचा जुना रशियन ट्रक लोकर नेवो की कोणाचं बिऱ्हाड, जाताना पंपावर थांबायचा, येतानाही थांबायचा. आणि पेट्रोल किती घ्यायचा? वाटीभर! टाकी आधीच तोंडोतोंड.

गोंबो विधुर, याकसारखा शांत. दुलमाचाही नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. जीभ मात्र धारदार.

गोंबोचं म्हणणं एकच, "काटा रिकामं दाखवतो." एका हिवाळ्यात पेट्रोल संपून तो एका कुटुंबासकट, त्यांच्या कोकरांसकट माळावर गारठला होता. तेव्हापासून त्याने आभाळाची शपथ घेतलेली, की काट्याने रिकामं म्हटलं की थांबायचं. आणि काटा गेलं वर्षभर रिकामंच म्हणत होता.

"अरे, काठी बुडवून बघ की," मी म्हणायचो.

"शपथ काट्यावर घेतलीय, आजोबा. काठीवर नाही."

बोला आता!

शरदात बिऱ्हाडं हलायला लागली, तेव्हा बल्जिद वहिनीने भर लोकांत तोंड उघडलं. "आमचा तंबू न्यायचाय रे गोंबो, पण वाटेत सासुरवाडीला मुक्काम नको हं!" सगळे खिदळले. दुलमा तिथेच होती. लालबुंद होऊन उठून गेली. गोंबोला ते फार लागलं. आपल्यापायी त्या बाईचं नाव खराब होतंय, तेव्हा काटा दुरुस्त करायचाच.

टाकीवरचे स्क्रू काढून त्याने आतली दांडी बाहेर ओढली. तिच्या टोकाला पितळेची पोकळ डबी असते. ती पेट्रोलवर तरंगते, तिच्याबरोबर दांडी वरखाली होते आणि समोरचा काटा हलतो. डबी हलवली तर आत खळखळ! कुठेतरी भोक पडून पेट्रोल शिरलेलं आणि डबी बुडालेली. मग आमच्या पठ्ठ्याने काय करावं? ती निथळवली आणि वरून मेंढीच्या शेपटीची चरबी थापली! आमच्याकडे खोगीर तडको, बूट गळो, ओठ फुटो, उपाय हाच. काटा दिमाखात वर चढला. दुसऱ्या दिवशी खाली बसला.

शपथेप्रमाणे गोंबो पुन्हा पंपावर.

"चरबी? पेट्रोलात?" दुलमाने कंबरेवर हात ठेवले. "तुझे तुपकट हात कशाने धुतोस रे?"

"पेट्रोलने."

"मग?"

गोंबोने बराच विचार केला. "हां," म्हणाला.

तिने त्याला डबी पुन्हा बाहेर काढायला लावली, चहाचं पातेलं चुलीवरून उतरवून लांब वाऱ्यावर नेलं आणि डबी त्या कढत, खारट चहात दाबून धरली. सांध्यातून बुडबुड्यांची माळ उठली. सापडलं भोक! मोहरीएवढंसुद्धा नव्हतं. चहा गेला तो गेलाच. मी त्याच चहासाठी बसलो होतो. गोंबोने डबी पार निथळवली, धुऊन वाळवली, भोकाला कथलाचा डाग दिला आणि दांडी परत बसवताना टाकीवरच्या झाकणाखाली जुन्या बुटाच्या चामड्याची चकती घातली.

"झालं," दुलमा हसून म्हणाली, "आता तुला थांबायला नको." म्हणाली खरी, पण बघत राहिली पातेल्याकडे. ट्रकचा आवाज लांबून आला की ती चहा चढवायची, हे मला ठाऊक होतं. शहरातली बहीणही तिला कधीची बोलावत होती.

काटा नीट चालू लागला. ट्रक पंपासमोरून नुसता धूळ उडवत जाऊ लागला. दुलमाने ट्रंक भरायला घेतली.

आणि एका दुपारी ट्रक थांबला.

"किती भरू?" दुलमाने विचारलं.

"टाकीत भरपूर आहे."

"काटा पुन्हा बिघडला?"

"नाही. बरोबर दाखवतोय."

"मग थांबलास कशाला?"

गोंबोने टोपी काढली, पुन्हा घातली. "तुझ्या चहाला अजून पेट्रोलचा वास येतो का, बघावं म्हटलं."

ट्रंक रिकामी झाली. वसंतात लग्न लागलं आणि अख्खी वस्ती म्हणाली, "आम्ही म्हणतच होतो!"

म्हणोत. त्या वर्षभरात दोघांत काहीही नव्हतं. डबीला भोक होतं.